खरा दुधी, आपला दुधी

खिडकी लावलीस का? नीट बघ. खालची कडी.

पोटाच्या मांसाला थर असतात, एक लाल, एक पांढरा, खारी बिस्किटासारखे. पाठीच्या मांसाला थर नसतात.

बोनाचं जहाज त्या दिवसांत अशा कुठल्यातरी बंदरात होतं, जिथून फोन लागत नव्हता.

दुधीच्या वेलाला मांडव घालावा लागतो. नाहीतर फळं जमिनीला टेकतात आणि खालून सडतात.

नर्सने वजनकाट्याला बुटाच्या टोकाने ढोसलं. काटा थरथरला आणि परत त्याच आकड्यावर आला. "बरोबरच दाखवतोय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

चंदनाची अगरबत्ती. येशूच्या तसबिरीपुढे नाही. शेगडीपाशी.

"काय आणलंत, रुमावबाई?"

"दुधी."

इथूनच सांगते. बाकीचं आपोआप जागेवर येईल.

आम्ही रुमाव, वसईचे. पप्पांना सातपूरच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली म्हणून नाशिकला आलो. आई, पप्पा आणि मी, फिलोमिना, घरात फिलू. पहिलं भाड्याचं घर एका वर्षात सुटलं. सुटलं म्हणजे, मालकांना आमच्या केराच्या डब्यात एक हाड दिसलं. ते कोंबडीचं नाही एवढं त्यांना कळलं. मी शाळेतून आले तर आमच्या ट्रंका रस्त्यावर, आणि आई त्यातल्या एका ट्रंकेवर बसून मटार सोलत होती. दुसरं काय करणार, मटार आधीच घेतलेले होते.

दुसरं घर अमृतकर मावशींचं. खाली त्या एकट्या, वर आम्ही. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. आम्ही सामान लावत होतो तेव्हाच पप्पा आईला म्हणाले, "इथं ते नावसुद्धा काढायचं नाही."

ते म्हणजे डुक्कर.

नाव नाही काढलं. पण रविवारी मिस्सा झाली की पप्पांचे पाय आपोआप देवळाली कॅम्पाकडे वळायचे. कॅम्पात एका गोवेकराचं दुकान होतं. तो मांस वर्तमानपत्रात लांबट गुंडाळून द्यायचा, वर सुतळी. एका रविवारी ती पुरचुंडी आईच्या पिशवीतून डोकावत होती आणि नेमक्या जिन्यात मावशी भेटल्या. काय आणलंत, रुमावबाई? आई आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता खोटं बोलली.

"दुधी."

"अगं बाई! दुधी आवडतो का तुमच्यात?" मावशींचा चेहरा असा उजळला की आईला मागे फिरता येईना. "मग विकत कशाला आणता? माझ्या मागच्या वेलाला बघा, नुसते लोंबकळतायत. माझ्या एकटीच्यानं संपतात का ते?"

तेव्हापासून आमच्या घरात दोन दुधी आले. मावशींचा तो खरा दुधी. कॅम्पातला तो आपला दुधी.

खरा दुधी हिरवा, लांब, फिकट लव असलेला, दर दोन-तीन दिवसांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन पडलेला. त्याची भाजी झाली, डाळ झाली, थालीपिठं झाली, हलवा झाला. तरी उरायचा. पप्पा पहाटे पहिल्या पाळीला जाताना दोन दुधी सायकलच्या कॅरियरला लावून नेत आणि नाक्यावरच्या गाईंना घालत. आपल्या दुधीचं मात्र सगळं सगळं संपायचं.

"फिलू, दुधीचं हाड कुणी घेतलं?"

"आज दुधीला शिरका जास्त झालाय."

"दुधी जून होता वाटतं. दात लागेना."

आम्ही आधी हसायचो. मग हसायचं विसरलो. मग तो शब्दच उरला. लग्न होऊन मी परत वसईला गेले. तिथे सासूबाईंनी पहिल्या रविवारी विचारलं, काय करू, आणि मी म्हटलं, दुधी करा. त्यांनी दुधी केला. मी ताटाकडे बघत बसले.

आणि मग दिवस राहिले आणि मला काहीच राहीना.

तीन महिने झाले की थांबतं, सगळ्या म्हणाल्या. थांबलं नाही. भात उलटायचा, पेज उलटायची, मासे तर नुसत्या वासाने. बोना, माझा नवरा, जहाजावर. सासूबाई घाबरल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, मग आत्ताच जा म्हणाल्या. मी पाचवा संपायच्या आत नाशिकला आले. पोट दिसत होतं आणि मी दिसत नव्हते. जिना चढताना मावशींनी मला बघितलं आणि तोंडावर पदर घेतला.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मावशींची तिथे ओळख. डॉक्टर म्हणाल्या, "बाळ दिवसांच्या मानानं लहान आहे. आईला काही मिळत नाहीये, त्याला कुठून मिळणार? पुढच्या वेळेपर्यंत वजन वाढलं पाहिजे. नाहीतर ॲडमिट. आणि मग सलाइनवर किती दिवस काढणार आपण?"

आपण म्हणाल्या त्या. मला आठवतंय.

पहिल्या रविवारी पप्पा न विचारता कॅम्पात गेले.

आईची कृती. पाठीचं मांस घ्यायचं, चरबीची कड काढून टाकायची, कारण मला चरबीने मळमळायचं. लहान तुकडे. खिडकी लावायची. गार पाण्यात घालून एक उकळी आणायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. मोरीत एकदम ओतायचं नाही, खाली मावशींच्या मोरीत आवाज जातो, वाफही. थोडं थोडं ओतायचं, वर नळ सोडून. अगरबत्ती. मग आलं ठेचून, मिरी ठेचून, एक कांदा उभा चिरून. ठेचण्याचा आवाज चालतो, तो कशाचाही असू शकतो. हळद. मीठ. नवं पाणी. कुकर नाही, कुकरची शिट्टी वास बाहेर फेकते. झाकण, झाकणावर पाणी, मंद आच. निम्मं शिजल्यावर बटाटा. शेवटी एक चमचा ताडीचा शिरका. मसाला नाही. आमच्याकडचा बाटलीतला मसाला घातला तर गल्लीला कळेल.

मी वाटीभर खाल्लं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे बघत होते.

राहिलं.

दुसऱ्या दिवशी परत. राहिलं. रस्सा राहिला, तुकडे राहिले, त्याबरोबर थोडा भातसुद्धा राहिला. पप्पा आठवड्यातून दोनदा कॅम्पात जायला लागले, पाळी सुटल्यावर, उलट्या वाऱ्यात सायकल मारत. "पोरीला दुधी मानवला," आई म्हणाली. खिडकी कायम बंद असायची. उकाड्याने माझ्या पाठीवर घामोळं आलं. बाळ आतून एकदा हललं, पहिल्यांदाच, आणि मी त्याला म्हटलं, थांब, हळू, खाली मावशी आहेत.

पुढच्या तपासणीच्या दिवशी आईला ताप होता.

"मी नेते पोरीला," मावशी म्हणाल्या. "मला काय काम आहे? वेलाशी गप्पा मारत बसते नाहीतर."

काटा अर्ध्या किलोने वर गेला होता. डॉक्टर पुरत्या खूश नव्हत्या. रक्त द्या म्हणाल्या आणि आहाराच्या मॅडमना भेटा. मला रक्त घ्यायला आतल्या खोलीत नेलं. शीर सापडेना. दोन्ही हातांना टोचून झालं. तेवढ्यात बाहेर आहाराच्या मॅडमनी मावशींनाच विचारून घेतलं. मी बाहेर आले तेव्हा मावशी उभ्या होत्या, रडवेल्या, पर्स छातीशी धरून.

"चल," म्हणाल्या. 

घरी आल्यावर त्या वर चढल्या. कधी चढत नसत, गुडघे दुखायचे. आईच्या अंथरुणाशी खाली बसल्या.

"फिलूच्या आई, मॅडमनी दुधी बंद करायला सांगितलाय."

आई उठून बसली.

"पूर्ण बंद. म्हणाल्या, त्यानंच वजन वाढत नाहीये. पोटात जागा अडते आणि अंगाला काही लागत नाही. माझंच चुकलं हो. मला वाटायचं थंड असतो, बाळाला चांगला."

आईच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी बघत होते आणि मला वाटलं तापाचं आहे.

"बंद करते," आई म्हणाली.

मावशी गेल्या. आईने मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला.

"तू सांगितलंस त्यांना?"

"कुणाला?"

"मॅडमना. दुधीचं."

"मी आतच होते. मी कुणाशीच बोलले नाही."

"मग रक्तावरून कळलं." आई उशीला टेकली. "बघ तरी, किती भली बाई. मावशींसमोर नाव नाही घेतलं. आपलाच शब्द वापरला."

"आपला शब्द त्यांना कसा माहीत असेल, आई?"

"डॉक्टर लोकांना सगळं माहीत असतं."

आज हे लिहिताना मूर्खपणाचं वाटतं. त्या खोलीत, त्या बंद खिडकीआड, ते मुळीच मूर्खपणाचं नव्हतं. पाच-सहा वर्षं आम्ही दुसऱ्या कुठल्या अर्थाने दुधी म्हटलेलंच नव्हतं. मावशींच्या दुधीला आम्ही कधीच नुसतं दुधी म्हणत नसू, खरा दुधी म्हणायचो. नुसता दुधी म्हणजे एकच. पप्पा आल्यावर त्यांनाही ते पटलं. "रक्तात सगळं दिसतं," ते म्हणाले. "आमच्याकडे एकाचं रक्त तपासलं. त्यानं आदल्या दिवशी घेतलेली निघाली."

"पण मला तेवढंच राहतं पोटात."

"पोटात राहून उपयोग काय? अंगाला लागत नाही म्हणाल्या ना."

"पप्पा."

"फिलू, बाळाचा प्रश्न आहे."

बंद. आपला दुधी बंद. आणि मावशींनीही खरा दुधी पाठवणं बंद केलं. जिन्याची पायरी रिकामी. पाटीभर दुधी त्या मागच्या दाराने वाटून टाकताना मी वरून बघायचे. त्या वर बघायच्या नाहीत.

मग दूध. उलटलं. मुगाचं कढण. उलटलं. अंडं, त्याला मावशींची हरकत नव्हती असं पप्पांनीच ठरवून टाकलेलं. वासाने उलटलं. शिंगाड्याची लापशी, नाचणीची पेज, खजूर. खजूर दोन तास राहिला. मी घरभर फिरायचे. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून मोरीशी, मोरीशीच बसून. एका जागी बसलं की पायांना मुंग्या यायच्या आणि उठलं की तळवे कापसावर ठेवल्यासारखे. रात्र-दिवस मला एकच वास यायचा, आल्याचा आणि शिरक्याचा, जो घरात नव्हताच.

बाळ हलायचं कमी झालं. मला वाटत होतं की कमी झालं. आईला सांगितलं नाही. आई मला विचारत होती आणि मी हो, हललं, म्हणत होते.

पुढची तपासणी. या वेळी आम्ही तिघी, आई, मी, मावशी. मावशी नको म्हटलं तरी आल्या. "मला कळू दे तरी," म्हणाल्या.

काटा.

नर्सने या वेळी त्याला ढोसलं नाही.

डॉक्टरांनी माझ्या पोटावर टेप लावली, परत लावली. "आधी आहाराच्या मॅडमकडे जाऊन या," म्हणाल्या. "मग आपण ॲडमिटचं बोलू. कपडे आणलेत का?"

आहाराच्या मॅडमचं नाव मंगरुळकर. टेबलावर प्लास्टिकचं जेवण मांडलेलं. प्लास्टिकची पोळी, प्लास्टिकचा भात, वाटीत पिवळी डाळ जिच्यावर कायमची मोहरी, केळं, अंड्याची अर्धी फोड, एक कोंबडीची तंगडी, एक मासा. पेशंटने बोट ठेवून सांगायचं, हे इतकं, ते तितकं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दुधी बंद केलात ना?"

"त्याच दिवशी," आई म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. एक फोडसुद्धा नाही."

"मग वजन उतरलं कसं? त्या जागी काय देता?"

आईने सगळं सांगितलं. दूध, मूग, नाचणी, खजूर.

"आणि राहतं काय?"

"काहीच नाही."

"आधी काय राहत होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मावशींकडे बघितलं. मग, मला आजही कळत नाही कुठल्या धीराने, म्हणाली, "दुधी."

मॅडम हसल्या. वैतागून हसतात तसं. "अहो बाई, दुधीत आहे काय? पाणी. नुसतं पाणी. दुधीवर वजन वाढेल कुणाचं? गेल्या वेळी या आजी म्हणाल्या की मुलगी रोज दुधीवरच जगतेय, म्हणून मी म्हटलं, बंद करा, त्यापेक्षा काहीतरी ताकदीचं द्या."

पाणी.

मला तो शब्द ऐकू आला आणि मला उलटी येईल असं वाटलं आणि नाही आली. पाणी. म्हणजे खरा दुधी. म्हणजे यांना काहीच माहीत नाही. रक्तात काहीच दिसत नाही. मी आईकडे बघितलं. आईलाही कळलं होतं.  तिच्या शेजारी मावशी, मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"पण माझ्या दुधीनं तिला बरं वाटत होतं हो," मावशी हळूच म्हणाल्या. "अर्धा किलो वाढली होती."

"ते दुसऱ्या कशानं तरी असेल," मॅडम म्हणाल्या. "आठव. काय खात होतीस तेव्हा? यातलं काय? बोट ठेव."

मी टेबलाकडे बघितलं. पोळी. भात. मोहरीची डाळ. तंगडी. मासा.

"यात नाही."

"यात नाही म्हणजे?"

आईने टेबलाखाली माझ्या मनगटाला धरलं. घट्ट. जिथे सुया टोचून निळं झालं होतं नेमकं तिथे. मला रस्त्यावरच्या ट्रंका दिसल्या, आणि ट्रंकेवर बसलेली ती, आणि मटार. पप्पांना परत घर शोधायला लागणार. आणि मी ही अशी. आणि आत ते, ज्याच्या हलण्याबद्दल मी रोज खोटं बोलत होते.

"डुक्कर," मी म्हटलं.

खोलीत पंखा होता. त्याचा आवाज आला.

"डुकराचं मांस. पाठीचं. आलं-मिरी घालून उकडलेलं. मला तेवढंच राहत होतं. आम्ही त्याला दुधी म्हणतो."

मंगरुळकर मॅडमनी चष्मा खाली घेतला. आईकडे, मावशींकडे, परत माझ्याकडे.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," आई म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. रडू फुटायच्या जागी हसू फुटलं आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत राहिली. मॅडमही हसल्या असत्या, पण त्यांचं लक्ष मावशींकडे होतं.

मावशींनी मान वर केली होती. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं.

"म्हणजे माझ्या दुधीनं नाही?"

"नाही, मावशी."

"मी नाही उपाशी मारली हिला?"

"नाही हो."

त्यांनी श्वास सोडला. एवढा मोठा की खांदे खाली आले. मग तो चेहरा तसाच राहिला आणि आतून दुसरं काहीतरी वर आलं. हळूहळू, एकेक करून, सगळे दुधी त्यांना आठवत असावेत.

"मग माझे दुधी कुठं जायचे?"



"काही खाल्ले," आई म्हणाली. "खरंच. हलवा केला होता."

"आणि बाकीचे?"

"गाईला."

मावशी उठल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मॅडम आता भराभर बोलत होत्या. "पायाला मुंग्या येतात? कधीपासून? बंद केल्यापासून? बरोबर. डॉक्टर इंजेक्शन देतील, बी-वनचं. इतके दिवस उलट्या झाल्यावर अंगातलं ते आधी संपतं. आणि तुम्ही जे बंद केलंत ना, त्यात ते कोंबडीपेक्षा कितीतरी पट असतं. प्रथिनं कोंबडीइतकीच. लोह आहे, जस्त आहे. पाठीचं घ्या, मांडीचं घ्या. पोटाचं चविष्ट लागतं, माहितेय मला, पण चरबी जास्त, आत्ता हिला झेपणार नाही. ताजं घ्यायचं, त्याच दिवशीचं. डब्यातलं, खारवलेलं, सॉसेज, काही नको. आणि पूर्ण शिजवायचं. तुकडा मोडून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये. कुकरमध्ये करता का?"

"कुकर नाही," आई म्हणाली. "शिट्टी होते."

"मग होऊ द्या ना."

आईने पिशवी उचलली.

रिक्षात मावशी कडेला, मी मधे, आई त्या कडेला.  खड्डा आला तसा मावशींचा हात झटकन माझ्या पोटावर आला, धरायला. मग त्यांनी तो उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला, आणि घर येईपर्यंत त्याच्याकडेच बघत होत्या. खाली उतरल्या. कुलूप उघडलं. दार लावलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

आई स्वतः कॅम्पात गेली, बसने. आणून धुतलं, चिरलं. पातेलं ठेवलं. आणि सवयीने खिडकीकडे गेली. तिचा हात कडीवर तसाच थांबला.

"लावू?"

"राहू दे," मी म्हटलं.

वाफ बाहेर गेली. आम्ही दोघी जमिनीवर बसून खालचा आवाज ऐकत होतो. नळ सुटला. नळ बंद झाला. कशाचं तरी झाकण पडलं. रागाने पडलं की हातातून निसटलं? परत नळ. मग खिडकी. त्यांनी खिडकी लावली, की उघडली? कडीचा आवाज दोन्हीला सारखाच येतो. आईने तुकडा मोडून बघितला. आत गुलाबी नव्हतं.

मी खाल्लं. राहिलं.

पप्पा आले ते बूट न काढताच.

"कुणी सांगितलं?"

"मी."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ते फक्त माझ्या वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. आत गेल्या."

"म्हणजे ठरवतायत." पप्पा दारात उभेच. "मागच्या वेळीही तो मालक आधी काही बोलला नव्हता. दुपारपर्यंत काही बोलला नव्हता."

"जाऊन विचारू का?"

"विचारायचं काय त्यात? त्यांनी काढायच्या आत आपण निघू. ट्रंका रस्त्यावर नाही येणार या वेळी. फिलू अशी असताना नाही."

आणि सायकलवर परत गेले. त्या आठवड्यात ते कारखान्यात कमी आणि रस्त्यावर जास्त होते. मावशी या दिवसांत वर आल्या नाहीत, आम्ही खाली गेलो नाही. जिन्यात एकदा मी दिसले तर त्या म्हणाल्या, "राहतंय का पोटात?" मी म्हटलं, राहतंय. त्या पुढे काहीतरी बोलणार होत्या. वरून पप्पांचे पाय वाजले आणि त्या आत गेल्या.

खोली मिळाली, कॅम्पाच्या बाजूला, पत्र्याची. उन्हात भाजायची. तिथे कुणाला काही विचारायचं नव्हतं.

निघताना टेम्पोत सामान भरत होते. पप्पांनी किल्ली पुढे केली. मावशींनी हात लगेच पुढे केला नाही. पप्पा किल्ली धरून उभे.

"निघालात."

"हो. तुम्हाला त्रास नको आमचा."

"बरं." मग माझ्याकडे बघून, पप्पांना, "पोरीला मागं नका बसवू. हादरे बसतात."

"पुढं बसवतो."

"बरं," परत म्हणाल्या, आणि किल्ली घेतली.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची. वजनाला कुणी काही बोललं नाही, आणि ते मला पुरेसं होतं. बोना तिच्या बाप्तिस्म्याला पोचला. त्या पत्र्याच्या खोलीत पप्पांनी पहिल्यांदा पोटाचं मांस आणलं, चरबीसकट, आणि आईने सगळा मसाला घालून, दार सताड उघडं ठेवून केलं. शिट्ट्या होऊ दिल्या. मावशींना बोलवावं का, असं आई एकदा म्हणाली. पप्पा म्हणाले, कुठल्या तोंडानं? त्यानंतर तो विषय निघाला नाही. आम्ही त्या घराला नेहमी "आम्हाला काढलं ते दुसरं घर" म्हणत राहिलो. मीही म्हणायचे. माझ्या मुलीला मी तसंच सांगितलंय.

घर बघायला गेलो होतो त्या दिवशी अमृतकर मावशींनी पप्पांना एकच गोष्ट विचारली होती, आणि ती खाण्यापिण्याची नव्हती, तुमच्यात रात्री कुणाला खोकला नाही ना, कारण त्यांची झोप सावध होती.